बोटभर फट

२ फेब्रुवारी

मागची खोली आज एकदाची रिकामी झाली. मोडका पलंग गेला, लेकीच्या शाळेची पुस्तकं गेली, आणि जिच्यावर आजवर फक्त ओले टॉवेल बसले ती व्यायामाची सायकलही गेली. मग मधोमध उभा राहून एक सणसणीत टाळी वाजवली. समोरासमोरच्या भिंतींनी ती पाच-सहा वेळा एकमेकींकडे फेकली आणि मग सोडून दिली. बायको दारात येऊन म्हणाली, "कोणाचं कौतुक चाललंय?"

"खोलीचं. उत्तेजनार्थ."

सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रक म्हणून काढली. डिसेंबरात मालकांनी तो बंद केला. आता जे काही व्हायचं ते या चौदा बाय अकराच्या खोलीत. हातात काम एकच, पण मोठं आहे. गाण्याच्या बाईंनी दहा गाणी गाऊन ठेवली आहेत. गळा आणि पियानो यांचा मेळ मी बसवायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. हे जमलं तर त्यांच्या मागोमाग त्यांचे शिष्य येतील. नाही जमलं तर जाहिरातवाल्यांची नोकरी तयारच आहे. म्हणजे उरलेलं आयुष्य टूथपेस्टचा आवाज चकचकीत करण्यात घालवायचं.

५ फेब्रुवारी

टेबल निवडणं सोपं आहे असं ज्याला वाटतं, त्याला माझ्याकडे पाठवा.

ज्यावर स्पीकर ठेवून मी समोर बसणार, त्या टेबलाची आठ दिवस चित्रं बघतोय. एक टेबल विमानाच्या कॉकपिटसारखं आहे. एकावर चार माणसं आरामात झोपतील. अडचण अशी की स्पीकरचा आवाज एकदा सरळ कानात येतो आणि लगेच दुसऱ्यांदा टेबलाच्या पाठीवरून उसळून येतो, किंचित उशिरा. मग दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात, आणि मी जे ऐकतो ते खोटं असतं. टेबल जितकं मोठं, जितकं गुळगुळीत, तितकं खोटं जास्त.

माझा मित्र मीटर (कुठेही गेला तरी काहीतरी मोजल्याशिवाय याला चैन पडत नाही, म्हणून मीटर) म्हणाला, "उत्तम टेबल म्हणजे जवळजवळ नसलेलं टेबल."

"आणि ते कुठल्या दुकानात मिळतं?" बायकोनं विचारलं. मग भांडी पुसता पुसता म्हणाली, "बाबांना विचारू का?"

मी लगेच हो म्हटलं नाही, हे इथे कबूल करतो. सासऱ्यांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं. अर्ध्या गावाच्या दुकानांतले काउंटर त्यांच्या हातचे आहेत. पण दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून हत्यारांची पेटी उघडलेली नाही. दिवसभर टीव्हीसमोर बसतात, आवाज बंद करून. बायको एक दिवसाआड जाऊन जेवले की नाही ते बघून येते. अशा माणसाला टेबल कर म्हणायचं?

९ फेब्रुवारी

म्हटलं. नकाशा घेऊन गेलो: टेबलाची रुंदी साडेचार फूट, खोली दोन फूट, खण नकोत, पॉलिश नको. बाबांनी कागद लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "ही रेघ वाकडी आहे."

एवढंच. हो नाही, की नाही नाही. मग उठले, कपाटाच्या वरून पेन्सिल काढली, चाकूनं तासली आणि कानामागे खोचली.

घरी येताना बायको रस्ताभर खिडकीबाहेर बघत नाक पुसत होती. हवा बदलतेय, सर्दी झाली असावी.

१७ फेब्रुवारी

बाबा घडीची पट्टी घेऊन आले आणि खोली मोजून गेले. टेबल दारातून आत येईल की नाही ते बघत असणार. भिंतींना कापडात मढवलेल्या लोकरीच्या गाद्या लावल्या आहेत, त्या दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "भिंतीला गादी? माणसं जमिनीवर झोपतात आणि तुम्ही भिंतीला गादी देता." खूप दिवसांनी चेष्टा केली त्यांनी. मी जरा जास्तच मोठ्यानं हसलो.

२८ फेब्रुवारी

टेबल आलं.

तीन भागांत आलं आणि खोलीत जोडलं गेलं. जोड कुठे आहे ते मला भिंग घेऊनही सापडणार नाही. सागवानी आहे, तीन फूट खोल. दोन्ही बाजूंना तीन-तीन खण, आणि पॉलिश असं की वाकलं तर भांग पाडता येईल. रुंदी अकरा फूट. म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मागच्या भिंतीलाही चिकटलेलं.

"तुमच्या नकाशात दोन्हीकडे फट राहत होती," बाबा म्हणाले. "लोकांनी काय म्हटलं असतं? सुताराला खोलीचं माप घेता आलं नाही? फट दिसली की सुतार नापास. सुई टाकून बघा, जावईबापू."

बायकोनं खरंच सुई आणली. गेली नाही.

बाबांचे केस भुशानं पांढरे झाले होते, म्हणजे होते त्याहून पांढरे. हातांना पॉलिशचा वास. माझ्याकडे बघत उभे होते, शाळेत निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तसे. मी म्हणालो, "छान."

एकदा नाही, चारदा म्हणालो. शेवटी "अप्रतिम" असंही म्हणालो.

४ मार्च

वाईट आहे. फारच वाईट आहे.

बाईंचा आवाज पोकळ येतो. पियानोचे खालचे स्वर टेबलाखालच्या पोकळीत शिरतात आणि डब्यात कोंडल्यासारखे घुमतात. एका विशिष्ट स्वराला डावीकडचा मधला खण चक्क गुणगुणतो. भिंतींशी टेबल इतकं एकजीव झालंय की पलीकडच्या स्वयंपाकघरातल्या कपबशाही साथ देतात.

मीटर आपला मोजायचा माइक घेऊन आला. पडद्यावर जो आलेख उमटला त्यात एक डोंगर होता आणि एक विहीर. बराच वेळ तो टेबलावरून हात फिरवत राहिला. म्हणाला, "इतकं सुंदर टेबल मी आयुष्यात पाहिलं नाही. हे इथून काढ."

६ मार्च

"तुझे बाबा आहेत, तू सांग."

"तुझं टेबल आहे, तू सांग."

असं दोन दिवस चाललंय. पण सांगायचं काय आणि कसं? बाबा आता वेळेवर जेवतात. कामाच्या पडवीची खिडकी उघडली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून सांगतात म्हणे, जावयाच्या स्टुडिओचं टेबल केलं, सुई जात नाही. परवा बायको गेली तेव्हा टीव्ही बंद होता आणि ते पटाशीला धार लावत बसले होते. आता मी जाऊन सांगू, की बाबा, दोन वर्षांनी हात लावलात आणि चुकलात? पेटी पुन्हा बंद झाली तर ती कोण उघडणार?

मला अर्ध्या केसाएवढा फरक ऐकू येतो, असं लोक सांगतात. पण समोरच्याला नाही म्हणायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. भीड भिकेची बहीण, असं आई म्हणायची. आईला जाऊन वीस वर्षं झाली, तरी ती अजून बरोबर ठरतेय.

११ मार्च

पहिलं गाणं तयार करून बाईंना पाठवलं. तासाभरात फोन. "आवाज माझाच आहे," बाई म्हणाल्या, "पण सर्दी झालेला. आणि पियानो कुठे गेला?"

बरोबर आहे. खोलीत आवाज पोकळ वाटतो म्हणून मी मधले स्वर वाढवले, ते बाहेरच्या स्पीकरवर नाकात गेले. पियानो घुमतो म्हणून कापला, तो बाहेर वाळून गेला. टेबलानं सांगितलेल्या खोट्यावर मी माझं खोटं रचलं.

"पुन्हा करतो," म्हटलं.

"करा. पण एप्रिलच्या मध्यापर्यंत मला ठरवावं लागेल," बाई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ मार्च

उपाय सापडला! टेबलावर दोन जाड ब्लँकेटं पसरली, खणांत जुने स्वेटर कोंबले. अर्धं दुखणं तरी उतरलं. बाबा येणार असतील तेव्हा ब्लँकेटं पलंगाखाली. ते नेहमी फोन करून येतात, त्यामुळे काळजी नाही.

१९ मार्च

आज फोन न करता आले.

मी काम करत होतो. वळून बघतो तर दारात बाबा, हातात पॉलिशची बाटली. एका कोपऱ्याला दुसरा हात द्यायचा राहिला होता म्हणे. त्यांनी आधी ब्लँकेटं पाहिली, मग अर्धवट उघड्या खणातून लोंबणारी स्वेटरची बाही पाहिली. चोराच्या मनात चांदणं. मी विचारायच्या आत बोललो, "पॉलिशवर ओरखडे नको पडायला. जपतोय."

"जपताय," बाबा म्हणाले. "बरं."

मग ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, काय करता ते ऐकवा तरी. मी बाईंचं गाणं लावलं. खणानं आपला स्वर लावला. स्वेटर असूनही लावला. बाबांनी मान किंचित वाकडी केली, पण बोलले काही नाहीत. माझा जीव भांड्यात पडला. या वयात असले बारकावे ऐकू येत नाहीत.

विषय बदलावा म्हणून मी भिंतींच्या गाद्या कुठे लावायच्या ते कसं ठरवतात, हे समजावून सांगितलं. आपण खुर्चीत बसायचं, दुसऱ्यानं भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथून आवाज उसळतो, तिथे गादी. बाबांना फार आवडलं ते.

"आणि आरसा टेबलावर ठेवला तर?" त्यांनी विचारलं.

"टेबलाचं एवढं काही नसतं," मी म्हणालो. देव मला क्षमा करो.

निघताना ब्लँकेटची घडी त्यांनी स्वतः नीट सरळ केली.

२४ मार्च

बायको सांगत होती, बाबा हल्ली घरात टाळ्या वाजवत फिरतात. प्रत्येक खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवतात. डॉक्टरांनी रक्ताभिसरणासाठी सांगितलं असेल. चांगलं आहे, स्वतःची काळजी घेतायत.

बेडरूममधला आरसा दिसत नाही. विचारलं तर बायको म्हणाली, चौकट सैल झाली होती, बाबांकडे दिलाय. मला तर घट्ट वाटायची.

२९ मार्च

बाबांचा फोन. "जावईबापू, तुम्ही खुर्चीत बसलात की कान जमिनीपासून किती उंचीवर येतो?"

मी मोजून सांगितलं. मग भिंतीपासून खुर्ची किती लांब, तेही विचारलं. माझ्यासाठी पाय ठेवायला पाटबिट करतायत बहुतेक. आता त्या पाटालाही छान म्हणावं लागणार.

माझं ध्वनिशास्त्राचं पुस्तकही त्यांनी नेलंय, चित्रं बघायला.

२ एप्रिल

दुसरं गाणं पाठवलं. बाई म्हणाल्या, "आधीपेक्षा बरं. पण बरं म्हणजे बरं नव्हे." जेमतेम बारा-तेरा दिवस उरले. जाहिरातवाल्यांचाही फोन येऊन गेला.

आज ठरवलं, उद्या जाऊन बाबांना सांगायचंच. आरशासमोर सराव करणार होतो, पण आरसा बाबांकडेच आहे.

३ एप्रिल

गेलो. बाबांनी चहा केला, बिस्किटं काढली. मी म्हणालो, "बाबा, टेबलाबद्दल जरा बोलायचं होतं."

"बोला ना."

"ते..." इथे मी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून तळाला गेलं. "ते बघायला लोक येतात हो."

बाबांनी माझ्या कपात डोकावून पाहिलं. मग त्यांनी मला चमचा आणून दिला.

भ्याड आहे मी. स्वतःच्या वहीत तरी लिहायला हरकत नाही.

५ एप्रिल

बायकोनं अचानक काढलंय, की लेकीकडे दोन दिवस जाऊन येऊ. आत्ता? बाईंची मुदत डोक्यावर असताना? तर म्हणे, "तू इथे बसून तरी काय करणारेस, ब्लँकेटं उलटसुलट करण्यापलीकडे?" मी बॅग भरली.

८ एप्रिल

दुपारी परतलो. खोलीचं दार उघडलं तर लाकडाच्या ताज्या भुशाचा वास आला.

टेबल कापलं होतं.

अकरा फुटांचं साडेचार झालं होतं. तीन फुटांचं दोन. खण नव्हते. आरशासारखी पाठ रंध्यानं खरवडून तिच्यावर करडा फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापड, ताणून बसवला होता, आणि ती माझ्या दिशेनं हलकीशी उतरती केली होती. टेबलाच्या मागे, भिंतीपासून हातभर पुढे, दोन सागवानी खांब उभे होते. कापलेल्या तुकड्यांचे. ठोकून पाहिले तर भरीव, आत वाळू. त्यांच्यावर माझे स्पीकर, बरोबर माझ्या कानाच्या उंचीला. टेबल कुठल्याही भिंतीला टेकलं नव्हतं.

मी जमिनीवरच बसलो. माणसानं आयुष्यात केलेली सगळ्यात सुंदर गोष्ट स्वतः करवतीनं कापायची म्हणजे काय, याचा विचार करत होतो. आणि त्या वेळी मी लेकीकडे बसून आइस्क्रीम खात होतो. मला रडू आलं. आलं म्हणजे आलं.

बायकोनं हे पाहिलं आणि तीही थक्क झाली. "अगंबाई!" म्हणाली, दोनदा. तिला अभिनय अजिबात जमत नाही, त्यामुळे खरंच थक्क झाली असणार. आरसा पलंगावर ठेवलेला होता, कडेला भुसा. घराची किल्ली बाबांकडे कशी गेली, ते विचारायचं राहूनच गेलं.

९ एप्रिल

सकाळी बाबा आले. मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, "उठा, गुडघे वाजतायत तुमचे. तेवढं मला ऐकू येतं."

"बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पांघरूण कशावर घालतात, जावईबापू? थंडी वाजते त्याच्यावर, नाहीतर झाकायचं असतं त्याच्यावर. टेबलाला काही थंडी वाजत नाही. आणि खण गात होता. चाळीस वर्षं लाकूड ठोकून घेतलंय मी. आजारी फळी मला कळते."

"मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

"तुम्ही कुठे बोललात?"

बाबा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "मी वाट बघत होतो. त्या दिवशी चहाला आलात तेव्हा वाटलं, आता बोलतील. बिस्किट बुडालं, तुम्हीही बुडालात." मग म्हणाले, "तुमच्यामुळे झोप उडाली माझी. चाळीस वर्षं गिऱ्हाईकं मला छान म्हणत आली. त्यातल्या किती जणांनी मागून पांघरूण घातलं असेल?"

मी गाणं लावलं.

बाईंचा आवाज खोलीत आला आणि उभा राहिला. पोकळी नाही, घुमणं नाही. पियानोच्या खालच्या स्वरांना पाय फुटले. कपबशा गप्प. मी डोळे मिटून ऐकलं, आणि उघडले तेव्हा बाबा समोर उभे होते, निकालाच्या दिवसासारखे.

"काय?"

जिभेवर "छान" आलंच होतं. ते गिळलं.

"उजवा खांब," मी म्हणालो, "बोटभर पुढे हवा. बाई किंचित डावीकडे झुकतायत."

माझे कान गरम झाले. मग बाबांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. कानामागची पेन्सिल काढून ते खांबापाशी उकिडवे बसले.

"बोट आडवं की उभं?"

"आडवं."

"कुणाचं? तुमचं बोट म्हणजे सळई आहे."

त्यांच्या बोटानं मोजलं. बाई बरोबर मधोमध आल्या. नंतर तासभर आम्ही भांडलो, फेल्ट आणखी हवा की नको यावर. इतका मजेत गेलेला तास मला आठवत नाही.

१३ एप्रिल

तीन गाणी पाठवली, तिसरं पहिल्यांदाच. पहिली दोन नव्यानं केली होती. दिवसभर फोनकडे बघितलं नाही, म्हणजे दर पाच मिनिटांनी बघितलं.

संध्याकाळी बाईंचा निरोप: "सर्दी गेली. उरलेली सात कधी देता?"

बायकोला सांगितलं, तिनं मला गदागदा हलवलं. मग बाबांना फोन लावला. बराच वेळ वाजला, तेव्हा उचलला. मी म्हटलं, "बाबा, बाईंचा निरोप आला! त्यांनी..."

"जावईबापू, नंतर बोलू का? कोपऱ्यावरच्या शिंप्याचं कापायचं टेबल घेतलंय. आधीचं माझ्याच हातचं, डगमगत होतं, नऊ वर्षं बोलला नाही बिचारा. कामात आहे मी."

आणि फोन बंद न करताच त्यांनी तो कुठेतरी ठेवून दिला. पलीकडे रंधा चालू झाला. एक लांब सरळ हात, मग थांबणं, मग बोटांनी ठकठक, मग पुन्हा लांब हात.

मी फोन स्पीकरला जोडला, माझ्या खुर्चीत बसलो आणि बायकोला हाक मारली. ती दारात उभी राहून ऐकत होती. फोन आपणहून तुटेपर्यंत दोघांनी ऐकलं.